खिचडीपर्यंतची शाळा

मधल्या सुट्टीनंतर शाळेत काय होतं, हे रोज सकाळी येऊन विचारणारी एकच मुलगी मला इतक्या वर्षांच्या नोकरीत भेटली. बाकीची पोरं सुट्टी कधी होणार ते विचारतात. ही दप्तर खाली ठेवायच्या आधी माझ्या टेबलाशी यायची आणि हळूच म्हणायची, "मॅडम, काल दुपारी काय झालं?"

मग मी सांगायची. काल दुपारी खो-खो झाला, अमकीने तमकीला तीनदा बाद केलं. काल दुपारी चित्रं काढली, सगळ्यांनी बैल काढला आणि एकाच्या बैलाला पाच पाय झाले. ती ऐकताना तोंड थोडं उघडं ठेवायची. दुपार म्हणजे जणू दुसऱ्या गावची गोष्ट. तिची शाळा खिचडीपर्यंत असायची. खिचडी खाल्ली, ताटली धुतली की ती दप्तर घेऊन फाटकातून निघून जायची, कारण त्या वेळेला शेजारचं बाळ झोपेतून उठायचं.

शेजारचं म्हणजे माझ्याच शेजारचं. आर्वीला आमची नोकरदारांची कॉलनी आहे, शाळा तिथून चालत जाण्याइतकी. शेजारी नवरा बँकेत, बायको सरकारी कचेरीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, सेवाग्रामच्या दवाखान्यात खेटे घालून घालून त्यांना मुलगा झाला. सगळ्या गल्लीला आनंद झाला, मलाही झाला. बाळंतपणाची रजा संपत आली तशी त्यांनी गावाहून ही मुलगी आणली.

आमच्याकडे याला 'पोरगं धरायला पोरगी आणणे' म्हणतात. कामवाली कोणी म्हणत नाही, तसं म्हटलं तर लोकांना राग येतो. ज्यांचं वावर गावी आहे, त्यांचा तिथे सालदार असतो, वर्षाच्या बोलीने राबणारा गडी. बापाच्या वेळेला त्याचा बाप सालदार, याच्या वेळेला हा. सालदाराची बायको राखीला मालकाच्या मनगटावर राखी बांधते, भाऊबीजेला ओवाळते. मालक तिला लुगडं घेतो. मग मालक झाला तिचा भाऊ आणि तिच्या लेकरांचा मामा. मामाच्या घरी भाची राहायला आली तर त्यात गैर काय?

लांबलेल्या बारशाला सासूबाईंनी तिची ओळख तशीच करून दिली. "हे आमची भाची. त्यांच्या गावात पाचवी नाई ना, म्हणून शिकायले आणली." अकरा वर्षांची असेल. नवा फ्रॉक होता, डोक्याला तेल होतं, आणि कडेवर बाळ होतं. बाळ गुटगुटीत आणि ती काडी. तोल सांभाळायला ती एका बाजूला इतकी कलायची की बघणाऱ्याची कंबर दुखावी. बायका म्हणाल्या, नशीब काढलं पोरीनं. मीही पेढा खाऊन घरी आले.

तिचं नाव त्यांनी आमच्या शाळेत घातलं. आमची नगरपालिकेची शाळा, पट इतका रोडावलेला की तिसरी ते पाचवी माझ्याच खोलीत बसते. ती रोज यायची, हे मला मुद्दाम सांगायला हवं. गणवेश इस्त्रीचा, वह्या कव्हर घातलेल्या. हजेरी सकाळी होते आणि सकाळी ती असायचीच. दुपारचं म्हणाल तर "पोट दुखून राह्यलं" असं सांगून जायची. पहिल्यांदा मी खरं मानलं. मग म्हटलं, रोज एकाच वेळी दुखणारं पोट आहे तरी कोणतं?

एकदा शेजारणीला फाटकाशी गाठून मी विचारलं. ती वाईट बाई नाही, हे लिहिताना मला चीड येते, पण नाही. ती म्हणाली, ताई, मी अकराला कचेरीत जाते, आईंच्याने बाळ उचलवत नाही, दुपारचे चार तास कोण बघेल? पाळणाघर इथे कुठे आहे? आणि घरी राहिली असती तर काय करत असती ती, वावरात निंदतच असती ना? इथे कूलर आहे, अंडी आहेत, टीव्ही आहे. मी म्हटलं, शाळा अर्धी आहे. ती म्हणाली, तिथे तर तेवढीही नव्हती. संतापले की मला शब्द सुचत नाहीत, घरी आल्यावर भांडी आपटते आणि नवरा मुकाट्याने बाहेर जाऊन बसतो.

राखीला तिची आई आली. हातात नारळ, अंगावर आदल्या वर्षी मिळालेलं लुगडं, घडीच्या खुणांसकट. ओवाळून झाल्यावर ती माझ्याकडे आली, मुलीची मॅडम म्हणून. मला वाटलं, हिला सांगावं. सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण दुपारी नसते, गणित दुपारी असतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की मालकाच्या घरात लेकरू आईच्या दुधाशिवाय वाढून राहिलं, त्याला धरायला आपलं माणूस नको का? आपलं माणूस, असंच म्हणाली. आणि जाताना लेकीला म्हणाली, बाळाले उन्हात नेजो नको.

तान्ह्या पोळ्याला चौकात पोरं आपापले लाकडी बैल घेऊन जमतात. शेजाऱ्यांनी बाळासाठी मोठा, चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला बैल आणला होता. बाळाला तर उभंही राहता येत नव्हतं. म्हणून ती कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात बैलाची दोरी घेऊन रांगेत उभी राहिली. बक्षीस त्याच बैलाला मिळालं. बाळाच्या मुठीत बक्षिसाचा डबा अडकवून फोटो काढला, तेव्हा तिला जरा बाजूला सरकायला सांगितलं. ती सरकली, पण बाळ रडायला लागलं, कारण त्याला तिचीच सवय. मग तिचा हात फोटोत राहिला. मी तो फोटो पुढे त्यांच्या दिवाणखान्यात पाहिला आहे. बाळाच्या पोटाशी एक काळासा हात आहे, बाकी माणूस नाही.

आमच्या शाळेच्या भिंतीवर मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर निळ्या रंगात रंगवलेला आहे. परिपाठात मी तो सगळ्यांकडून पाठ करून घेते. तिलाही पाठ होता. एका सकाळी ती मनगटाला टूथपेस्ट फासून आली. बाळाचं दूध तापवायला पाटावर उभी राहिली होती, गंज कलंडला, पातेल्यातलं दूध हातावर आलं. मी तिचा हात नळाखाली धरला, पेस्ट धुतली आणि खाली कातडी पाहिली. मी विचारलं, तो नंबर तुला पाठ आहे ना, मग कधी लावावासा वाटला नाही का? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी आहे.

"थो तं कोणी मारते तवा लावाचा न मॅडम," ती म्हणाली. "मले तं कोणीच नाई मारत."

हे खरंच होतं. तिला कोणी मारत नव्हतं. उपाशी ठेवत नव्हतं. मला कधीकधी वाटायचं, एखादी थप्पड तरी मारली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी दाखवता आलं असतं. असं वाटल्याची लाजही वाटायची. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मीच तो नंबर लावला. मुख्याध्यापकांना नंतर कळलं, ते म्हणाले, मॅडम, हात दाखवून अवलक्षण कशाला? शेजारी राहायचं आहे तुम्हाला.

वर्ध्याहून दोघं जण आले. एक तरुण मुलगी होती अधिकारी, उन्हाने चेहरा रापलेला, आणि सोबत एक सहकारी. मला वाटलं होतं गुपचूप चौकशी होईल, पण आर्वीत काय गुपचूप होतं? अख्खी गल्ली गच्चीवर. मला आत बोलावलं गेलं. सोफ्यावर अधिकारी, समोर घरचे, आणि मध्ये ती, सोफ्याच्या अगदी कडेला. ती तिथे पहिल्यांदाच बसली असावी, कारण तिचे पाय कुठे ठेवायचे ते तिला समजत नव्हतं. चहा सासूबाईंनी स्वतः गुडघे धरत धरत केला.

शेजारी शांत होते. त्यांनी भाऊबीजेचे फोटो दाखवले, शाळेचा दाखला दाखवला, आईला फोन लावून स्पीकर सुरू केला. आई म्हणाली, थो माहा भाऊ हाय, पोरगी मामाकडं हाय, कोणं सांगतलं तुमाले? अधिकारी बाईने मुलीला आतल्या खोलीत नेऊन वेगळं विचारलं, मलाही तिथे थांबू दिलं. दुपारी शाळेत का राहत नाहीस? पोट दुखते. घरी काय काय करतेस? बाळ धरतो, लंगोट धुतो, दूध तापवतो. तुला आईकडे जायचं आहे का? तिने दाराकडे पाहिलं. बाहेर बाळ रडायला लागलं होतं.

"मंग बाळ कोणापाशी राहीन?" तिने विचारलं.

अधिकारी बाईने पेन बंद केलं. अंगणात आल्यावर ती मला म्हणाली की कायद्यात घरच्यांना शाळा सुटल्यावर मदत करायची मुलाला मुभा आहे. घरचे म्हणजे कोण तेही लिहिलं आहे, त्यात मामा आहे, मावशी आहे, काका, आत्या आहेत. मी म्हटलं, हा राखीचा मामा आहे. ती म्हणाली, मला कळतं मॅडम, राखीचा मामा बसत नाही. पण आई भाऊ म्हणते, मुलगी मामा म्हणते, गल्ली भाची म्हणते. मामा नाही असं म्हणणारी तुम्ही एकटी आहात. मी म्हटलं, आणि तो भाजलेला हात? ती म्हणाली, त्या हातामुळेच मी तिला नेणार आहे.

आणि नेलं. मला सगळं नीट सांगितलं पाहिजे, कारण यात कोणी कामात कसूर केली नाही. तिला वर्ध्याला बालकल्याण समितीपुढे उभं केलं, आईबापांना बोलावलं, समज दिली, शेजाऱ्यांना तंबी दिली, आणि मुलीला आईबापांच्या ताब्यात दिलं. पाचवीसाठी शेजारच्या गावच्या शाळेत नाव घालायचं ठरलं. कायद्याने जे करायचं ते सगळं झालं. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. गल्लीने मला वाळीत टाकल्यासारखं केलं, नवरात्रात एकही बोलावणं आलं नाही, सासूबाई मला पाहून दार लावून घ्यायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही. मी म्हणायची, पोरगी दुपारी शाळेत बसली असेल.

त्या दुसऱ्या गावच्या शाळेत माझ्या ओळखीचे एक गुरुजी होते, त्यांना मी फोन करायची. सुरुवातीला म्हणाले, येते. पायी येते, दुपारीही असते. माझं मन असं भरून आलं की त्या दिवशी मी वर्गाला उगाच शेंगदाण्याची चिक्की वाटली. मग म्हणाले, कापूस फुटला, आता सगळीच पोरं वेचायला जातात, येईल नंतर. मग दसऱ्यानंतर म्हणाले की बाकीची आली, ती नाही आली.

भाऊबीजेला तिची आई शेजारी आली. मला वाटलं नव्हतं ती येईल, एवढं सगळं झाल्यावर. पण आली, ओवाळलं, लुगडं घेतलं. नातं तुटलं नव्हतं. तुटलं ते फक्त आमचं. जाताना ती माझ्या फाटकाशी थांबली. मी आत या म्हटलं, ती आली नाही.

"मॅडम, थे गेली. मालकाच्या बहिणीकडं."

कुठे, मी विचारलं. पुण्याकडे कुठंतरी, गावाचं नाव तिला येत नव्हतं. त्या बहिणीला लेकरू झालं होतं, ती गाडी घेऊन आली आणि घेऊन गेली. भावाची बहीण म्हणजे आपलीही बहीणच झाली न, ती म्हणाली. शाळेत घालू म्हणाले आहेत, पण मोठं शहर, पाहावं लागते म्हणतात. मी आवाज चढवला. समितीपुढे काय कबूल केलं होतं तुम्ही? घरी ठेवू म्हणाल्या होत्या ना?

ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. "ठेवली न मॅडम घरी," ती म्हणाली. "मी वावरात जातो, बाप वावरात जाते. वाढती पोर, तिकडून शाळेतून एकली पायी येते, रस्त्यानं कोण कसं हाय. समिती येते का राखाले? मालक म्हणे, इथं ठेवली तं मॅडम फोन करते, दूर ठेवू. मी काय म्हणू?" मग तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुमच्या शाळेत तं निदान खिचडीपरेंत बसे."

ती गेल्यावर मी फाटकाला धरून उभी राहिले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते मी मुलांना वाक्प्रचार म्हणून शिकवते, वाक्यात उपयोग करा म्हणते. मी त्या अधिकारी बाईला फोन केला. तिने सगळं लिहून घेतलं, तिकडच्या जिल्ह्याला कळवलं, पण पत्ता नव्हता. शेजाऱ्यांनी पत्ता दिला नाही, म्हणाले, सुट्टीत मावशीकडे गेली आहे, सुट्टी संपली की येईल. सुट्टी संपली. मी पुन्हा फोन केला. अधिकारी म्हणाली, मॅडम, मी विसरले नाही. तिचा आवाज माझ्यासारखाच झाला होता.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या सकाळी शेजारी स्वतः शाळेत आले. सोबत तिची धाकटी बहीण. तिसरीत घालायची होती. तीच काडी, तेच तेल लावलेलं डोकं, फ्रॉक मात्र जुना, थोरलीचा. मुख्याध्यापकांपुढे त्यांनी दाखला ठेवला, आईबापांचा संमतीचा कागद ठेवला, आणि माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाले, "या वेळी सगळं विचारून केलं आहे मॅडम. शाळा सुटल्यावरच घरात हात लावेल. दूध बीध काही तापवणार नाही." त्यांना कायदा आता माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. मीच शिकवला होता.

पहिले काही दिवस ती खरोखर पाच वाजेपर्यंत बसली. मग एक दिवस मधल्या सुट्टीत ताटली धुऊन माझ्याकडे आली आणि पोटावर हात ठेवून उभी राहिली. भिंतीवरचा नंबर खिडकीतून दिसत होता. मी फोन हातात घेतला आणि बराच वेळ घेऊन बसले. हिला इथून काढली तर कुठे नेतील, याचा विचार करत होते. पुण्याच्याही पलीकडे गावं आहेत. आणि या दोघींच्या पाठी आणखी एक बहीण आहे की नाही, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. फोन पर्समध्ये ठेवला. ती फाटकातून गेली, बाळ आता चालायला लागलं आहे, त्याच्यामागे धावावं लागतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाचं वेळापत्रक बदललं. खो-खो सकाळी घेतला, उन्हं चढायच्या आत. गणित सकाळी, गोष्ट सकाळी, चित्रकला सकाळी. दुपारी शुद्धलेखन आणि पाढे, जे चुकले तरी चालतील. मुख्याध्यापकांनी विचारलं तर सांगितलं, थंडीत पोरं सकाळी ताजी असतात. एवढंच माझ्या हातात होतं, आणि ते करताना मला माझाच राग येत होता. दुपार त्यांनी नेली होती, आणि ती नेणं मी आता सोपं करून देत होते.

पोरगी खो-खो छान खेळते. थोरलीपेक्षा चपळ आहे. थोरली कशी खेळली असती कोण जाणे, तिला मी कधी खेळताना पाहिलंच नाही. काल खिचडी खाऊन झाल्यावर धाकटी दप्तर घेऊन माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, पोट. पण तिने हळूच विचारलं, "मॅडम, मी गेल्यावर दुपारी काय राह्यते?"

काही नसतं गं, मी म्हटलं. दुपारी काहीच नसतं.